सहा महिने झाले, आता काय?

गेल्या अंकात पॅरालिसिसनंतरच्या व्यायामांवर मी दोन पानं लिहिली होती, त्यात एक वाक्य होतं की मेंदूची दुरुस्ती हातापायांकडून करून घ्यावी लागते. त्या एका वाक्यावर इतके मेल आणि मेसेज आलेत की संपादक म्हणाले, आता तुम्हीच निस्तरा. तर निस्तरतेय. आधीच सांगते, मी न्यूरो फिजिओथेरपिस्ट आहे, न्यूरॉलॉजिस्ट नाही, त्यामुळे गोळ्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न: माझ्या वडिलांना सात महिन्यांपूर्वी अटॅक आला, उजवी बाजू गेली होती. आता काठी घेऊन चालतात पण हात तसाच आहे, खांद्यातून थोडा उचलतात, बोटं मिटतात पण उघडत नाहीत. सगळे म्हणतात जे यायचं ते सहा महिन्यांत येतं, पुढे काही नाही. मग फिजिओ बंद करायची का? खरं सांगा, उगाच आशा लावू नका.

हे सहा महिन्यांचं प्रकरण अर्धं खरं आहे, आणि घोळ नेहमी अर्ध्या खऱ्यातूनच होतो.

अटॅक, म्हणजे स्ट्रोक, येतो तेव्हा मेंदूच्या ज्या भागाचं रक्त पूर्ण तुटतं तिथल्या पेशी काही मिनिटांत मरतात, पण त्याच्या कडेचा पट्टा अर्धमेला असतो, जगेल की जाईल सांगता येत नाही असा, आणि हॉस्पिटलमध्ये सुरुवातीच्या तासांत जी पळापळ चालते ती त्या पट्ट्यासाठी. मग मेंदूला सूज असते ती पुढच्या काही दिवसांत-आठवड्यांत उतरते. तिसरी एक गोष्ट आहे जी नातेवाइकांना सहसा कोणी सांगत नाही. मार लागलेल्या भागाशी जोडलेले लांबचे भाग, ज्यांना स्वतःला काहीच झालेलं नसतं, तेही गप्प होतात. म्हणजे एका घरातली माणसं गेली की त्यांच्याशी रोज बोलणारी चार घरंही मुकी व्हावीत तसं. फॉन मोनाकोव नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने १९१४ मध्ये याला डायास्किसिस असं नाव दिलं. हे भाग हळूहळू परत जागे होतात. शिवाय पहिले काही आठवडे ते साधारण तीन महिने मेंदू स्वतःच वेगळ्या मूडमध्ये असतो, उरलेल्या पेशी नवीन फांद्या फोडत असतात, जोडण्या बदलत असतात. म्हणून सुरुवातीला ग्राफ भराभर चढतो, बाबा आज बसले, परवा उभे राहिले, आणि मग तो सपाट होतो. आपोआप मिळणारं तिथे बऱ्यापैकी संपतं, शिकून मिळवायचं मात्र उरतं, आणि माणूस सत्तराव्या वर्षीही नवीन काहीतरी शिकतोच की.

आता दुसरी अडचण. तुमचे बाबा डावा हात वापरतात, बरोबर? दार डाव्याने, मोबाइल डाव्याने, शर्टाची बटणं डाव्याने. उजवा नुसता मांडीवर पडलेला. एडवर्ड टाउब नावाच्या संशोधकाने माकडांवर प्रयोग केले होते, माकडाच्या एका हाताकडून येणाऱ्या संवेदनेच्या नसा कापल्या तर माकड तो हात वापरायचंच बंद करायचं, हलवणाऱ्या नसा शाबूत असूनही. पण चांगला हात बांधून ठेवला की तोच 'गेलेला' हात वापरायला लागायचं. म्हणजे हात जितका गेला होता त्याहून जास्त तो सोडून दिला होता. यातून माणसांसाठी थेरपी आली, चांगल्या हाताला जाड हातमोजा घालून ठेवायचा आणि कमजोर हाताकडून तासन् तास काम करून घ्यायचं. २००६ मध्ये अमेरिकेत तिची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, २२२ पेशंट, सगळे अटॅकनंतर तीन ते नऊ महिन्यांचे. दोन आठवडे जागेपणीचा ९० टक्के वेळ हातमोजा, वर रोज काही तासांचा सराव, आणि फायदा एक वर्षानंतरही टिकलेला दिसला. सात महिने या हिशोबात कुठे बसतात बघा.

पण थांबा, लगेच बाबांचा डावा हात बांधू नका!! त्या चाचणीत येणाऱ्याला मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून उघडता यायलाच हवीत अशी अट होती. तुमच्या बाबांची उघडत नाहीत म्हणताय, मग चांगला हात बांधणं म्हणजे नुसता छळ, आणि काठी ज्या हातात आहे तोच बांधला तर पडतील ते वेगळंच.

मग करायचं काय? आधी बोटात कुठे लुकलुक आहे का ते शोधायचं. मी काय करते ते सांगते. पेशंटला टेबलापाशी बसवते, हात टेबलाच्या कडेवर ठेवून मनगट खाली लोंबू देते. मनगट खाली गेलं की बोटं आपोआप थोडी सैल पडून उघडतात, ही शरीराची जुनी सोय आहे, तुम्ही स्वतःच्या हातावर करून बघा आत्ता. मग म्हणते, आता तर्जनी थोडी अजून उचला. बहुतेकांचं आधी तोंड वाकडं होतं, खांदा कानाला लागतो, चांगल्या हाताची बोटं मात्र टणाटण उघडतात आणि या हाताचं बोट ढिम्म. एक गृहस्थ असेच होते, नऊ-दहा दिवस काहीच नाही, मी पण मनातून कंटाळले होते खरं तर, आणि एक दिवस तर्जनीचं शेवटचं पेर हललं. किती? तर नखाच्या जाडीएवढं. त्यांनी स्वतःच आधी बघितलं, मी वहीत काहीतरी लिहीत होते. तेवढं मिळालं की काम सुरू करता येतं, त्याला जोड म्हणून स्टिम्युलेशन, ज्याला पेशंट लोक 'करंट लावणं' म्हणतात, आणि बोटं फारच घट्ट मिटत असतील तर डॉक्टर स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवतात, तेही विचारून घ्या.

आणि मोजा. रोज किती वेळा हात कामासाठी हलला ते वहीत लिहा. २००९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या रिहॅब सेंटरमध्ये कोणीतरी नुसतं बसून मोजलं, तर एका सेशनमध्ये हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ निघाल्या. प्राण्यांच्या प्रयोगांत मेंदूचा नकाशा बदललेला दिसतो तो दिवसाला चारशे-सहाशे वेळा करून. हा फरक वाचला तेव्हा मला स्वतःच्या सेशनची लाज वाटली होती. आणि दुसऱ्या कोणीतरी हात धरून हलवून दिला तर सांधा आखडत नाही हे खरं, पण मेंदूच्या खात्यात त्यातलं फार थोडं जमा होतं. प्रयत्न पेशंटचा हवा, बोट हलो न हलो.

अजून एक, हात नुसता ठेवून दिला तर आहे तिथेच राहील असं समजू नका. १९९६ मध्ये रँडॉल्फ न्यूडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूत हाताच्या भागात छोटी इजा करून बघितलं. ज्यांना सराव दिला नाही त्यांच्या मेंदूत हाताचा जो भाग वाचला होता तोही आक्रसला. ज्यांना सराव दिला त्यांचा टिकला, काहींत तर तो कोपर-खांद्याच्या भागात पसरला. दोन्हीकडे मेंदू बदललाच, न वापरण्याच्या बाजूनेही तो तितक्याच इमानदारीने बदलतो.

उगाच आशा लावू नका म्हणालात म्हणून हेही सांगते, सात महिन्यांनी बोटं अजिबात उघडत नसतील तर हात पूर्वीसारखा होण्याची शक्यता फार कमी आहे. पण कागद दाबून धरणारा, बाटली टेकवून धरणारा, शर्टाच्या बाहीत स्वतःहून जाणारा हात, म्हणजे मदतनीस हात, हे टार्गेट ठेवण्यासारखं आहे. फिजिओ बंद करू नका, बदला. आणि कृपा करून उठवताना त्या हाताला धरून ओढू नका, खांद्याचं दुखणं सुरू झालं की सगळंच थांबतं.

प्रश्न: मेंदूच्या मेलेल्या पेशी पुन्हा तयार होतात असं एका व्हिडिओत बघितलं, स्टेम सेलने करून देतात म्हणे. खरं आहे का?

मेलेली पेशी परत येत नाही. सांतियागो रामोन इ काहाल, स्पेनचे मेंदूशास्त्रज्ञ, ज्यांना १९०६ मध्ये नोबेल मिळालं, त्यांनी लिहून ठेवलंय की मोठ्या माणसाच्या मेंदूत सगळं मरू शकतं, नवीन काही उगवत नाही, आणि पुढे असंही म्हटलंय की हा कठोर निकाल भविष्यातल्या विज्ञानाने जमल्यास बदलावा. थोडासा बदललाय. १९९८ मध्ये माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी संबंधित भागात, मोठेपणीही नवीन पेशी सापडल्याचा रिपोर्ट आला, मग २०१८ मध्ये एका टीमने म्हटलं की मोठ्यांत त्या जवळजवळ दिसतच नाहीत, आणि त्याच वर्षी दुसऱ्या टीमने म्हटलं दिसतात, भांडण चालू आहे. पण त्या भांडणाचा तुमच्या हाताशी-पायाशी संबंध नाही, तिथे रिकव्हरी होते ती उरलेल्या पेशींनी नवीन जोडण्या केल्याने.

याचं मला आवडणारं उदाहरण पेद्रो बाख-इ-रीता यांचं. न्यूयॉर्कमध्ये प्रोफेसर होते, १९५०च्या दशकाच्या शेवटी मोठा स्ट्रोक, बोलणं नाही, चालणं नाही. त्यांच्या डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाने त्यांना लहान मुलासारखं रांगायला लावलं, भिंतीला खांदा टेकवून, मग जमिनीवर गोट्या पकडायला, भांडी घासायला. ते परत शिकवायला लागले. काही वर्षांनी कोलंबियात डोंगर चढताना हार्ट अटॅकने गेले आणि मेंदू तपासला तर जुनी इजा जशीच्या तशी, प्रचंड मोठी. काहीही 'भरून' आलं नव्हतं, आणि तरी माणूस डोंगरावर गेला होता. दुसरा मुलगा पॉल, तोही संशोधक, त्याने हे बघून पुढचं सगळं करिअर याच विषयात काढलं.

स्टेम सेल स्ट्रोकसाठी अजून चाचण्यांच्या पातळीवरच आहे, रुळलेली ट्रीटमेंट नाही. चाचणीत भाग घेताना पेशंटकडून पैसे मागत असतील तर तिथून उठून या.

प्रश्न: आईला आठ महिन्यांपूर्वी स्ट्रोक झाला, समजतं सगळं पण बोलताना फक्त "हो हो" आणि "ते ते". पण रेडिओवर जुनं गाणं लागलं की अख्खं कडवं शब्दासकट म्हणते, आणि चिडली की शिवीसुद्धा स्पष्ट देते (कधीच देत नव्हती). नातेवाईक म्हणतात नाटक करते. आम्हाला काही कळत नाही.

नाटक अजिबात नाही, आणि त्या नातेवाइकांना हे पान वाचायला द्या.

याला अफेजिया म्हणतात. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या सर्जनकडे एक पेशंट आला, वय ५१, तो फक्त "तान" एवढंच बोलायचा, म्हणून त्याचं नावच तान पडलं होतं, आणि रागावला की त्यालाही एक शिवी यायची. तो गेल्यावर ब्रोकाने मेंदू बघितला तर डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा. स्वतः वाक्य जुळवून बोलणं हे बहुतेकांमध्ये डाव्या मेंदूचं काम. पण पाठ झालेलं गाणं, एक ते दहा आकडे, वारांची नावं, शिव्या, हे जुळवावं लागत नाही, ते अख्खंच्या अख्खं बाहेर पडतं आणि त्यात उजव्या बाजूचाही हात असतो. म्हणून गाणं येतं आणि "पाणी दे" येत नाही.

मग गाण्यातून बोलणं आणता येईल का, असं १९७३ मध्ये बॉस्टनमधल्या लोकांना वाटलं आणि त्यांनी मेलोडिक इंटोनेशन थेरपी काढली, रोजची छोटी वाक्यं दोन सुरांत म्हणायची, डाव्या हाताने टेबलावर ठेका धरायचा, आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. काही पेशंटना छान फायदा होतो, सगळ्यांना नाही. एक गैरसमज काढा, नुसती जुनी गाणी म्हणून बोलणं परत येत नाही, त्याने आईचा दिवस चांगला जाईल, ते पण काही कमी नाही, पण थेरपी म्हणून वाक्यं तिला रोज लागणारीच हवीत. "पंखा लाव." "नको." "दुखतंय."

आठ महिने झाले म्हणून उशीर झाला का हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचार तोच असणार. २०१७ मध्ये जर्मनीत १५६ जणांची चाचणी झाली, सगळे अटॅकनंतर सहा महिन्यांपेक्षा जुने, ७० वर्षांपर्यंतचे. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास स्पीच थेरपी. रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं, आणि जे नुसते नंबर लागायची वाट बघत बसले होते त्यांचं सुधारलं नाही. म्हणजे आठवड्यातून एकदा अर्धा तास जाऊन "फरक पडत नाही" म्हणण्यात अर्थ नाही, डोस बघा आधी.

घरी: तिचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, दहा सेकंद गप्प बसा (फार मोठी वाटतात ती दहा सेकंदं, घड्याळ लावून बघा). टीव्ही बंद. एका वेळी एकच जण बोला. हो-नाहीत उत्तर येईल असं विचारा, आणि तिचं "हो हो" नेहमी हो नसतं, चेहरा बघा. आणि ओरडून बोलू नका हो, कान शाबूत आहेत.

प्रश्न: फिजिओ आरसा लावून व्यायाम करून घेतात, चांगला हात हलवायचा आणि आरशात बघायचं. हा काय खेळ आहे? पैसे घेऊन फसवतायत असं वाटतं.

फसवणूक आहेच, पण मेंदूची. :)

हे आलं हात-पाय कापलेल्या लोकांकडून. कापलेला हात नसतानाही आहे असं वाटतं, काहींना तर नसलेली मूठ घट्ट आवळल्यासारखी दुखत राहते. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात एका खोक्यात उभा आरसा लावला, चांगल्या हाताचं प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दिसेल असा, आणि म्हणाले मूठ उघडा. काही जणांची न दिसणारी मूठ खरंच सैल झाली. त्यांच्या काही पेशंटना तर गालाला स्पर्श केला की कापलेल्या हाताला हात लावल्यासारखं वाटायचं, कारण मेंदूच्या नकाशात चेहरा आणि हात शेजारी-शेजारी आहेत, हाताकडून बातमी येणं बंद झालं की चेहऱ्याचा भाग त्या मोकळ्या जागेत सरकतो. १९९१ मध्ये माकडांच्या मेंदूत हे मोजलं गेलं, नसा कापून बारा वर्षं झाली होती आणि चेहऱ्याने सेंटिमीटरहून जास्त जागा बळकावली होती! तोपर्यंत लोक एक-दोन मिलिमीटरची भाषा करत होते.

स्ट्रोकमध्ये हीच युक्ती १९९९ पासून वापरतात. नंतरच्या बऱ्याच चाचण्या एकत्र करून बघितल्या तर फायदा आहे, माफक आहे. ज्यांचं बोट अजून हलत नाही त्यांना करता येण्यासारखं फार थोडं असतं, त्यात हे एक आहे, आणि आरसा घरी आणला की फिजिओची गरजही रोज नाही. फक्त हे इतर व्यायामांच्या जोडीला. तासभर नुसता आरसाच दाखवत असतील तर तुमची शंका बरोबर आहे.

प्रश्न: मेंदू पुन्हा वाढावा म्हणून एखादी गोळी नाही का?

इथेच जरा जास्त बोलणार आहे. २०११ मध्ये फ्रान्समध्ये ११८ पेशंटवर फ्लुओक्सेटिन म्हणजे डिप्रेशनचीच एक गोळी तीन महिने देऊन बघितली, हातापायाची ताकद जास्त सुधारली असं दिसलं, आणि जगभर आनंदीआनंद झाला. आम्ही पण खूश होतो. मग २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये ३१२७ जणांवर तीच गोळी, सहा महिने. रोजच्या कामांत काहीही फरक नाही, डिप्रेशन थोडं कमी, पण हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र जास्त. २०२० मध्ये आणखी दोन मोठ्या चाचण्यांतही तेच. म्हणून एखादी 'ब्रेन टॉनिक' म्हणून दिलेली बाटली बघितली की मला ते ११८ आठवतात.

एक नवीन प्रकार आहे, गोळी नाही, मानेतल्या व्हेगस नर्व्हला हलका करंट देणारं छोटं यंत्र छातीत बसवतात आणि पेशंट हाताचा व्यायाम करत असतानाच ते सुरू करतात. अमेरिकेत २०२१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. चाचणीतले १०८ पेशंट अटॅकनंतर किमान नऊ महिन्यांचे होते, काही तर कित्येक वर्षांचे. पण व्यायाम दोन्ही गटांना करावाच लागला, यंत्र नुसतं बसवून कोणाचा हात उचलला गेला नाही.

प्रश्न: काकांना काल स्ट्रोक झाला, आजच चालवायला सुरुवात करू का? जितकं लवकर तितकं चांगलं ना?

आज नको, हॉस्पिटलमधली टीम सांगेल तसं. २०१५ मध्ये २१०४ पेशंटची चाचणी आली, पहिल्या २४ तासांत जोरात, वारंवार उठवलेल्यांचा निकाल नेहमीच्या काळजीपेक्षा थोडा वाईटच होता. थोडं थोडं, कमी वेळ. कुशीवर वळवणं, नीट बसवणं, हात उशीवर ठेवणं हे चालू ठेवा.

प्रश्न: मोबाइलवरचे ब्रेन गेम खेळून काही होतं का?

तो गेम चांगला खेळता येतो. २०१० मध्ये ११,४३० लोकांनी सहा आठवडे खेळून हेच सिद्ध केलं, ज्याचा सराव केला त्यात सुधारणा, बाकी ठिकाणी शून्य. मेंदू शिकतो पण जे केलं तेच शिकतो. २००४ मध्ये काही लोकांना तीन चेंडू हवेत झेलायला शिकवलं होतं, तीन महिन्यांत मेंदूच्या हालचाल बघणाऱ्या भागात ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूतला पेशींचा करडा थर, वाढलेलं स्कॅनमध्ये दिसलं, आणि सोडून दिल्यावर तीन महिन्यांत ते परत कमी झालं. बटण लावता यायला हवं असेल तर बटण लावा.

प्रश्न: भावाला (वय २९) दीड वर्षापूर्वी गाडीवरून पडून डोक्याला मार लागला. कोमातून बाहेर आला, हात-पाय एकदम ठीक, सगळे म्हणतात नशीब बलवत्तर. पण हा तो नाहीच. पटकन भडकतो, दुपारपर्यंत थकतो, सांगितलेलं विसरतो, दोन माणसं एकदम बोलली तर उठून जातो. स्कॅन नॉर्मल म्हणतात. मेंदू स्वतःला बदलतो म्हणतात ती प्लास्टिसिटी का काय ते याच्यासाठी नाही का?

आहे, पण तुमच्या प्रश्नातलं "हा तो नाहीच" मी दोनदा वाचलं, कारण अशा घरातून येणाऱ्या प्रत्येकाकडून हेच वाक्य ऐकते.

डोकं जोरात फिरतं-आपटतं तेव्हा आतल्या लांब तारा, ज्या मेंदूचे भाग एकमेकांना जोडतात, त्या ठिकठिकाणी ताणल्या जातात, काही तुटतात. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून 'नॉर्मल'. आणि कपाळामागचा भाग कवटीच्या खडबडीत तळावर घासला जातो, तोच भाग राग आवरायला, ठरवायला, दोन गोष्टी एकदम सांभाळायला लागतो. जे काम आधी आपोआप व्हायचं ते आता आडवाटेने, जास्त मेहनत घेऊन होतंय, म्हणून दुपारी बॅटरी संपते. आळस नाही तो.

हाताचं कसं, चारशे वेळा केलं की मोजता येतं. रागाचं चारशे वेळा काय करणार? इथे माझं मत जरा वेगळं आहे, काही सहकाऱ्यांना पटत नाही. मला वाटतं घरच्यांनी "पूर्वीसारखा कधी होणार" यावर एवढी ताकद घालवू नये, आधी आजूबाजूचं बदलावं. डायरी, फोनमधले अलार्म, एका वेळी एकच काम, कठीण काम सकाळी, दुपारी ठरलेली अर्धा तास विश्रांती. लोक याला पळवाट समजतात. पण अलार्मने वेळेवर उठून केलेलं काम हेही केलेलंच काम आहे, आणि रोज तसंच घडत गेलं की त्याची सवय लागते, सवय हा मेंदूतला बदलच की. भडकला की त्या क्षणी समजावू नका, खोलीतून बाहेर जा, अर्ध्या तासाने बोला. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे लक्ष, स्मरण, वागणं तपासणाऱ्या मानसतज्ज्ञाकडून, नीट टेस्टिंग करून घ्या, नेमकं काय अडलंय ते कळतं, आणि त्या रिपोर्टवरून नोकरीच्या ठिकाणी काही सवलत मागता येते. गाडी चालवायला डॉक्टरांनी लेखी हो म्हटल्याशिवाय देऊ नका, कितीही भांडला तरी. दीड वर्ष हा शेवट नाही, या प्रकारच्या इजेत दोन वर्षं आणि त्यानंतरही हळूहळू फरक पडताना मी बघितलाय, फक्त तो महिन्याला दिसत नाही, जुने मेसेज काढून वाचलेत की दिसतो.

तुम्ही सही करताना "त्याची बहीण" एवढंच लिहिलंय. तुम्ही जेवता-झोपता का नीट, ते पण कळवा.

प्रश्न: सासऱ्यांना चार महिने झाले, डॉक्टर म्हणतात रिकव्हरीला भरपूर स्कोप आहे पण ते काही करतच नाहीत. सकाळी उठून भिंतीकडे बघत बसतात. आम्ही सगळे मागे लागतो, रागावतो, व्हिडिओ दाखवतो की बघा या माणसाने कसं केलं. त्यांच्यात जिद्दच नाही. काय करू?

व्हिडिओ दाखवणं आजपासून बंद. जिद्द हा शब्द पण.

स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एकाला डिप्रेशन येतं, आणि ते फक्त "असं झालं म्हणून वाईट वाटतंय" एवढंच नसतं, मेंदूतली इजाही त्यात असते. त्याशिवाय एक प्रकार असतो ज्यात माणूस दुःखी पण नसतो, नुसतं सुरूच होत नाही, गाडीला चावी लावली तरी इंजिन पकडत नाही तसं. बाहेरून दोन्ही आळसासारखंच दिसतं. माझ्याकडे आलेल्या एका आजोबांना त्यांचा मुलगा रोज सुनवायचा, आणि एकदा मुलगा बाहेर गेल्यावर आजोबा मला म्हणाले, बाई, मला करायचंय हो, पण 'करायचंय' पासून 'केलं' पर्यंत रस्ताच सापडत नाही. मी त्यानंतर कोणाला आळशी म्हटलं नाही.

झोप कशी आहे, जेवण कमी झालंय का, रडतात का, "मी नसतो तर बरं" असं काही बोलतात का, हे लिहून काढा आणि या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या, कागद सोबत घेऊन. असं काही बोलले असतील तर उद्याच न्या आणि तोपर्यंत एकटं सोडू नका. डिप्रेशन असेल तर त्यावर उपचार आहेत आणि ते उतरलं की व्यायाम सुरू व्हायला सोपं जातं. तोपर्यंत दिवसाला एकच काम, तेही त्यांचं जुनं. घड्याळाला चावी देत असत का, सकाळी दाराची कडी काढत असत का, तेवढं एक त्यांच्यासाठी ठेवून द्या, तुम्ही करून टाकू नका, आणि झालं तर टाळ्या वाजवू नका.